नावं ठेवणारा

शाळेच्या ऑफिसात पंखा फिरत होता
आणि वर्गशिक्षिका कागदावरून वाचत होत्या,
लाइट बिल वाचावं तशा, सपाट आवाजात:
'नकाशा.
आज कुठला देश वाढला?
गालावरून हनुवटीवर जायला व्हिसा लागतो का गं?'

समोर खैरमोडे बाई. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
त्यांची निहारा जूनपासून
पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून शाळेत येते,
विक्रोळीच्या ऑक्टोबरातसुद्धा.
डबा खाते जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून,
कारण कोड आता ओठापर्यंत आलंय.

आणि मी,
तन्मेषचा बाप, वय सेहेचाळीस,
हसलो.
मोठ्यानं नाही. ओठाचा डावा कोपरा हलला फक्त,
व्हिसावर.
बाईंनी पाहिलं.
त्याहून वाईट, तन्मेषनं पाहिलं.
खाली घातलेली मान जराशी उचलून
त्यानं माझ्याकडे बघितलं,
जेवताना एखादा जोक जमला की बघतो तसं.

जमलाच होता.
माझ्याच दुकानातला माल.
आमच्या घरात आईबापानं ठेवलेल्या नावानं
कुणालाच हाक मारत नाहीत.
वरचे परुळेकर 'अर्धा कप',
लंगडणारा इस्त्रीवाला 'लेफ्ट-राइट',
मेहुणी 'जाहीर सभा'.
चौथीत असताना पोरानं पहिलं नाव पाडलं, चित्रकलेच्या सरांना,
तेव्हा मी त्याला पंचवीस रुपये दिले होते.

घरी आल्यावर मी हात उचलला.
तो म्हणाला, 'तुम्हीपण हसलात.'
हात तसाच राहिला वर,
रिक्षा थांबवायला केल्यासारखा
आणि रिक्षा निघून गेल्यासारखा.

रात्री वृषाली कपड्यांच्या घड्या घालत होती.
'बाळंतपणानंतर तुम्ही मला सिलिंडर म्हणायचात,' ती म्हणाली.
'सगळ्यांसमोर.'
एक उशीचा अभ्रा, दुसरा अभ्रा.
'मी हसायचे. माझीही चूक आहेच त्यात.
त्याला वाटलं असेल, हसतात माणसं.'

मी भांडुपला वॉर्ड ऑफिसात असतो,
जन्मदाखल्यांच्या खिडकीवर.
दुसऱ्या दिवशी एक बाई आली,
मुलीच्या नावात दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व पडलेली.
अर्ज लागेल, मी म्हणालो, ॲफिडेव्हिट, आधार, दोन झेरॉक्स.
'एवढ्याशा वेलांटीसाठी, साहेब?'
'नाव आहे ते,' मी म्हणालो.
रोज म्हणतो.
त्या दिवशी मात्र पुढचा टोकन नंबर पुकारायला
बराच वेळ लागला मला.

खैरमोडे बाईंना फोन केला.
'माफी नको,' त्या म्हणाल्या.
'माफी मागून तुम्ही मोकळे व्हाल.'
मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.
'रविवारी या हवं तर. दार उघडायचं की नाही
ते निहारा ठरवेल.'

संध्याकाळी तन्मेषला विचारलं, तिचं पूर्ण नाव काय?
तीन वर्षं एका वर्गात.
त्याला आठवेना.

रविवारी टागोर नगर, दुसरा मजला.
मिठाई घ्यावी का, यावर आम्ही नाक्यावर भांडलो
आणि काहीच न घेता जिना चढलो.
बेल वाजवली.
आत टीव्हीचा आवाज कमी झाला.
दारावर पितळी पाटी, चार नावांची,
शेवटचं नंतर जोडलेलं, बारीक अक्षरात.
'वाच,' मी म्हणालो.
पोराचा आवाज हल्लीच फुटलाय, मध्येच चिरकतो.
त्यानं वाचलं, निहारा सुहास खैरमोडे,
इतक्या हळू की मला ऐकू यावं आणि दाराला येऊ नये.
'पुन्हा.'

पलीकडे कुणीतरी उभं होतं.
दाराखालच्या फटीत दोन सावल्या, पायांच्या,
हलत नव्हत्या.
आम्हीही नाही.