८२,४००

जुन्या बाजारात, बुधवारी,
नळाच्या तोट्या आणि भांडं नसलेला मिक्सर
यांच्या मधोमध पडली होती पिवळी कॅसेट.
वर छापलंय ९९,९९९ गेम. असतात अकराच,
बाकी तेच, रंग बदलून.
मागे बॉलपेननं कोरलेलं : केतकी ढमढेरे, सातवी ब.
सोबत कव्हर फाटलेलं एक गेमचं मासिक.
दोन्हीचे मिळून शंभर. घासाघीस केली नाही,
पुण्यात राहून.

घरी येऊन फुंकर मारली.
फुंकरीनं काही होत नाही, हे वाचलंय आता.
तरी मारली. तिसऱ्यांदा लागली.
टीव्ही भिंतीएवढा, आत माणूस करंगळीच्या नखाएवढा,
चौकोनी ढगाखाली उड्या मारणारा,
आणि तीच टिंगटिंग, दाढेत अडकून राहिलेली.

मासिकाच्या शेवटच्या पानावर, समासात, पेन्सिलीनं :
'८२,४००. अजून दोन लाइफ होत्या.
आई ओरडली म्हणून बंद.'

दीड वाजेपर्यंत बसलो.
अंगठ्याला फोड.
एकसष्ट हजार दोनशे.
केतकीबाई, असाल तिथं असा,
पहिला नंबर अजून तुमचाच.

मला कोणी ओरडलं नाही.
मीच उठून बंद केलं.