दोन बोटं

अडचण गाडीची नव्हतीच.
अडचण माझी होती: सहा फूट एक इंच,
त्यातला बराचसा भाग कमरेच्या वर.

हेफिननं झाडूचा दांडा आडवा धरला,
एक टोक रोलबारवर, एक पुढच्या काचेच्या चौकटीवर.
माझ्या हेल्मेटनं तो अलगद वर उचलला.
"दोन बोटं जास्त आहेस, तेगवेन,"
जणू एखादा पाव साच्याबाहेर फुगलाय.
उघड्या गाडीचा नियम आहे: उलटलीस
तर डोक्याआधी लोखंड टेकलं पाहिजे.
पुढच्या महिन्यात ये.

अख्खा हिवाळा मी हिच्यातून वजन काढत होते.
पहाटे तीनला पावाची व्हॅन, अकराला परत,
मग इद्वलच्या गोठ्यात, मेंढ्यांच्या औषधाच्या कॅनशेजारी.
रेडिओ काढला. गालिचा काढला. त्याखाली
आधीच्या मालकाचे, दातांच्या डॉक्टरचे, सत्तर पेन्स
आणि मोत्याचं एक कानातलं. एकच.
हीटर काढला,
त्याचा पश्चात्ताप मार्चपर्यंत पुरला.
प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर,
वहीत ग्रॅम, किराण्याच्या हिशेबासारखे.

ब्रेकच्या नळ्या नव्या, पोलादाच्या जाळीत गुंडाळलेल्या.
दाराखाली गंज. या बेटावर
समुद्र कुणाचंच लोखंड सोडत नाही.
स्क्रूड्रायव्हर टोचला, तो पापडात शिरावा तसा आत गेला.
इद्वलनं पत्रा कापून जोडला.
वेल्डिंग करताना तो चॅपलमधली स्तोत्रं गुणगुणतो,
फक्त खालच्या पट्टीतली.
वरची बाजू त्याची बायको सांभाळायची.
मध्ये तो तिच्यापुरतं थांबतो, मग ठिणग्या पुन्हा.

त्रेपन्न किलो उतरवले मी.
आणि घोडं अडलं माझ्याच डोक्यापाशी.

उंचीचं म्हणाल तर प्रकरण जुनं आहे.
शाळेच्या फोटोत शेवटच्या रांगेत, मुलांच्याही मागे.
नाचायला कुणी विचारलं की
मी आधी त्याच्या बुटांच्या टाचा बघायची.
टेबलाखालून आईची गुडघ्यावर चापट:
ताठ बस. पोक काढून काय लपणार आहेस?
लपले नाहीच. वाकायची सवय तेवढी लागली,
दारांत, आरशांत, लोकांच्या वाक्यांतसुद्धा.

इद्वलनं सीट उलटी पाडली,
खुरं कापायला मेंढी पाडतात तशी,
आणि माझ्या पावाच्या सुरीनं फोम कापला.
एक बोट.
खालचे वॉशर काढले: जेमतेम पाव बोट.
मग बराच वेळ नुसता बघत राहिला,
आणि सीटचे रूळच उखडून टाकले.
आता ती सरळ तळाच्या पत्र्यावर, चार बोल्टांवर.
पुढे नाही, मागे नाही.
या गाडीत आता दुसऱ्या कुणाला बसताच येत नाही,
माझ्याइतकी मांडी असल्याखेरीज.
कानातलं मात्र मी आरशाला अडकवलं.
दोन ग्रॅम. वहीत लिहून ठेवले.

एप्रिल. वारा असा की शंकू उडत होते.
हेफिन दांडा घेऊन आला.
मी सवयीनं मान आत घेतली.
"चोरी नको," तो म्हणाला. "ताठ बस."
बसले. मणकान् मणका.
दांडा माझ्यावरून गेला,
मध्ये टोस्टच्या कडेइतकी फट.

दुसऱ्याच वळणावर एक शाळामास्तर
रोजच्या गाडीतून, मागे लेकराची खुर्ची तशीच,
मला ओलांडून गेला. हातही केला त्यानं.
तिसऱ्या फेरीत ब्रेकचा वास नाकात बसला,
पाचव्यात कळलं की मी श्वास धरून ठेवलाय.

कुंपणापाशी इद्वल, थर्मास, दोन कप.
"वरच्या वळणावरून समुद्र दिसला का?"
नाही. इतक्या खालून फक्त आभाळ दिसतं,
आणि गवताची कड.
तो चहा ओतत होता, काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला व्हॅनमध्ये चढले,
तर रस्ता कुठेतरी खोल खाली होता,
आणि मी त्यावरून पाव घेऊन चालले होते.