एकशे बारा मीटर चाळीस

पेर्दा निएड्डा म्हणजे काळा दगड.
सार्डिनियाच्या नैर्ऋत्येला, समुद्राकडे पाठ करून बसलेली दरी.
खाण बंद होऊन पंचेचाळीस वर्षं झाली,
ओढ्याचं पाणी अजून गंजाच्या रंगाचं,
आणि मेंढ्या त्याला तोंड लावत नाहीत.
त्यांना कुणी सांगितलं, मी बाकीझिओला विचारलं.
तो म्हणाला, आधीच्या मेंढ्यांनी.

जुन्या निवडणीघराच्या अंगणात आमचं यंत्र उभं आहे.
चौदावं भोक, साठ अंशांत तिरकं.
कंपनीला जस्त हवंय. शिसं चालेल. चांदी निघाली तर वरकड.
माझं काम एवढंच:
खालून आलेला दगड पेटीत ओळीनं मांडायचा,
ओल्या फडक्यानं पुसायचा, भिंग लावायचं,
आणि रकान्यांत भरायचं, काय आहे, किती आहे.

गॅलेना ओळखायला सोपं.
टिचकीभर हातोडी बसली की चौकोनच सुटतात,
धुळीतला कणसुद्धा चौकोनी,
आणि तळहातावर ठेवलं की हात खाली जातो,
एवढंसंच, पण झोपलेल्या मुलासारखं जड.
स्फॅलेराइट काकवीच्या रंगाचं,
आम्लाचा थेंब पडला की नासक्या अंड्याचा वास.
चांदी मात्र दिसत नाही.
ती शिशाच्या पोटात, टनामागे काही ग्रॅम;
प्रयोगशाळेतून आकडा येईपर्यंत
तिच्यावर नुसता संशय घ्यायचा.

नकाशा एकोणीसशे अकराचा, मेणकापडावर, शाईचा.
तिसऱ्या मजल्याखाली कोरा.
तिथं कुणा इंजिनिअरनं वळणदार अक्षरांत लिहिलंय:
खडक अखंड.

गुरुवारी, एकशे बारा मीटर चाळीसला
दांडा एकदम दोन हात सुटला.
पाणी परत येईना.
गाविनोनं लिव्हर ओढला, शिवी अर्ध्यावर गिळली.
यंत्र थांबलं, तेव्हा कळलं
वारा सकाळपासून वाहत होता.

नळी वर आली.
आधी गॅलेना, वीतभर, लखलखीत,
मग काही नाही,
मग लाकूड.

चेस्टनटचं. आत ओलं, पिवळं,
जणू कालच तोडलेलं,
आणि एका कडेला कुऱ्हाडीचा सपाट घाव.
कुणीतरी छताला टेकू दिला होता,
जिथं खडक अखंड आहे तिथं.

बाकीझिओ आमचा पहारेकरी. त्यानं ते हुंगलं.
त्याची आई ग्राझिएत्ता अकराव्या वर्षी याच घरात बसायची,
मांडीशी हातोडी:
चमकतं ते डावीकडे, काळं उजवीकडे, बाकीचं पायाशी.
मजुरी पुरुषांच्या निम्मी.
ती सांगायची, महिनाअखेर आली की
मुकादम रात्री चार माणसं खाली धाडायचा.
वहीत नाही. निघेल त्यात वाटा.
पहाटे ती आली की खिळ्यांवर
चार दिवे परत टांगलेले दिसायचे, अजून कोमट.
एका पहाटे तीन.

चौथ्याचं नाव काय, मी विचारलं.
दिव्यावर नंबर असायचा, तो म्हणाला,
आणि नंबर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला मिळाला.

संध्याकाळी कचेरीतून फोन.
पोकळीपलीकडे जा, जस्त आठ टक्के असू शकतं.
गाविनो म्हणाला, जाऊ, आधी पोलादी नळी बसवू.
मी फॉर्म उघडला.
पोकळीला कोड आहे. भेगेला आहे. चिखलाला तर तीन आहेत.
लाकडाला नाही.
शेऱ्याच्या जागेत वीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं, खोडलं, लिहिलं:
टेकू. अजून उभा.

पेटीत, जिथं दगड हाती लागत नाही,
तिथं आम्ही एक लाकडी ठोकळा ठेवतो,
वर खोलीचा आकडा घालून,
म्हणजे मागाहून पाहणाऱ्याला समजावं, इथं काही नव्हतं.
सुताराकडून आणलेले शंभरभर ठोकळे गाडीत पडून आहेत.

या वेळी मी गाडीपर्यंत गेलो नाही.