तीन हात रंग

नार म्हणजे आमच्या पणज्यांच्या भाषेत
एका वशिंडाचा उंट. ओझ्याचा.
कॅलिस्टोभोवती फिरणाऱ्या गोदीत
एकोणीस वर्षं त्याचा सांगाडा उभा होता
आणि मी वजनवहीवर.
इथे तराजू चालत नाही. वस्तू स्प्रिंगला बांधायची,
सोडायची, हेलकावे मोजायचे.
जड वस्तू सावकाश डुलते.
चाळीस हजार शिपायांच्या चाळीस हजार उशा
अशा डुलताना मी पाहिल्यात.

चिलखत जाड हवं, म्हणाले सेनापती.
घ्या, म्हणाला तुरात, मुख्य आरेखक, मग वेग सोडा.
वेगही हवा. मग इंधन वाढवा.
इंधन वाढलं की ते वाहायला आणखी इंधन,
त्याला टाक्या, टाक्यांना कणा,
कण्याला पुन्हा चिलखत.
उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे वरच्या मजल्यावर,
आणि उंट अजून कागदावर.

दारांवरून दोन वर्षं गेली.
रुंद दार म्हणजे कण्याला भोक.
अरुंद दार म्हणजे उतरताना रांग,
आणि रांगेवर नेम धरणं सोपं.
शेवटी दार ठरलं दीड माणसाचं.
अर्धा माणूस कोण, कुणी विचारलं नाही.

झोपायच्या दालनाभोवती पाण्याची भिंत, किरणं अडवायला.
तेच पाणी प्यायचं,
तेच घाम होऊन पुन्हा भिंतीत जायचं.
खिडकी एकही नाही.

मग पान चारशे बारा. परतीचं वजन.
माणसं: सव्वीस हजार.

मला वाटलं, हात चुकला. वही घेऊन तुरातकडे गेले.
तो चहाच्या पिशवीतून दुसरा चहा पिळत होता.
चूक नाही, म्हणाला. परतीचं इंधन तेवढ्यांचंच धरलंय.
चाळीस हजारांचं धरलं तर जहाज जड,
जड म्हणजे उशीर,
आणि उशिरा पोचलं तर सहा हजारही परतायचे नाहीत.
गणित बरोबर आहे, ऐझामाल.

बरोबरच होतं. मी तीनदा केलं.

रंगाची मुकादम बुरुल. तिला मी एवढंच म्हटलं,
वहीत तीन हात लिहीन, तू एकच मार.
कुठल्या बाजूला?
सगळीकडे.
तिने ब्रश पुसला, दोन पाळ्यांना रजा दिली.
दोन हातांचं वजन मी परतीच्या टाकीत ओतलं.
नऊ हजारांपुरतं झालं.
पाच हजार उरलेच.

पाहणीला आलेल्या सेनापतींनी पोलादावर हातमोजा फिरवला.
काळा जरा फिका वाटतो.
सूर्य लांब आहे ना साहेब, म्हणाली बुरुल.

हे सांगताना मला कुणी चांगलं म्हणू नये.
तो रंग शोभेचा नव्हता.
शत्रूच्या दुर्बिणीत अंधार दिसावा म्हणून होता,
आणि मी त्या अंधाराचे दोन पापुद्रे सोलले.
जाताना जास्त दिसतील, येताना जास्त मावतील:
कुठलं पारडं खाली गेलं, मला माहीत नाही.
इथे तराजू चालत नाही, म्हटलं ना.

नार गेला त्याला अकरा वर्षं झाली.
तुरात गेला. बुरुलच्या हातांना कंप आहे,
ती आता मुलांची खेळणी रंगवते,
तीन तीन हात, सांगूनही ऐकत नाही.
माझ्याजवळ स्प्रिंग उरलीय, गंजलेली.
पहाटे (म्हणजे दिवे बदलतात तेव्हा)
मी कधी तिला नुसतंच ओढून सोडते.
रिकामी स्प्रिंग फार भरभर हलते,
बघवत नाही.

ठरल्या दिवशी, ठरल्या वेगाने
हलकं जहाज आलं, तर गणित बरोबर होतं.
म्हणून मी रोज चुकीचं मागते.
उशीर करा.
टाक्या कोरड्या करा, शिव्या घाला वजनवहीला.
जड या.