कनची गारी

रात्रपाळीला फोन आधी माझ्याकडे येतो.
तुर्भ्याचा गाळा, बाजूला कोल्ड स्टोरेजची घरघर,
भिंतीवर पाच खिळे, पाच किल्ल्या.

माणसं आधी पत्ता सांगत नाहीत.
आधी म्हणतात, मोठी पाठवा, सगळ्यात मोठी.
मी विचारते, बोलताना वाक्य पुरं होतंय का त्यांचं?
ट्यूबलाइट लावा आणि ओठ बघा. कसला रंग?
मग विचारते, जिना किती रुंद?
इथं माणूस चाललाय
आणि ही बाई जिना मोजते, असा राग येतो त्यांना.
पण कोपरखैरण्यात बैठ्या घरांवर चढवलेले मजले,
वळणावर स्ट्रेचर उभंच राहतं.
तिथं पट्ट्यांची खुर्ची लागते
आणि दोघे जण, एकाच उंचीचे.

सानपाड्याच्या कुरियन बाईंना
आठवड्यातून तीनदा डायलिसिस.
लेकानं परदेशातून कार्डिॲक गाडी बांधून दिली होती.
पंधरा दिवसांनी त्याच म्हणाल्या,
झोपून नुसतं छत बघते गं, मला बसवून ने.
आता रॅम्पची व्हॅन जाते. येताना त्या केळी घेतात,
घासाघीस करून.

ऐरोलीचा एकजण म्हणाला, ॲसिडिटीच आहे,
साधी द्या, जबडा जरा दुखतोय एवढंच.
त्याला न विचारता मी मोठी पाठवली.
महिन्याने बिलावरून भांडायला आला,
चालत आला.

माझ्या भावाच्या वेळी असं विचारणारं कुणी नव्हतं.
उत्तम परांचीवरून पडला. चौघांनी उचलला,
हातांना आणि पायांना धरून,
टेम्पोत, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर.
किती पटकन नेला, म्हणत होते सगळे.
खरंच पटकन नेला होता.
मान कुणी धरली नव्हती.
हे मला या नोकरीच्या तिसऱ्या दिवशी कळलं,
प्रशिक्षणात, रबरी बाहुला उचलताना.
मी पाणी प्यायला बाहेर गेले
आणि परत येऊन मान धरली.

काल पहाटे पाचला दिवाळ्याची हिरूबाय,
वाशीच्या हॉस्पिटलातून:
"बापासला घरा न्यायचाय. डाक्तर बोलले,
आता घराच बरा. कनची गारी देशील?"
मी विचारत गेले. ऑक्सिजन? "हाय."
बसतात? "टेकून."
वाक्य पुरं होतंय?
ती थांबली.
"येकच बोलतंय सारखा. खारी दिसंल का."

फॉर्मवर त्याला रकाना नाही.
मोठ्या गाडीच्या काचा दुधी असतात,
आतलं बाहेर दिसू नये म्हणून.
बाहेरचं आत दिसावं, असं कुणाच्या मनात आलं नसेल.
नियमाने मोठीच द्यायची. मी डॉक्टरांना फोन लावला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग म्हणाले, पाठीला उशी द्या, डोकं उंच ठेवा.
चौथ्या खिळ्यावरची किल्ली काढली, कुरियन बाईंची व्हॅन.
छोटा सिलिंडर बांधायला लावला, सोबत ब्रदर दिला,
मुकादमला सांगितलं, पामबीचने घे,
चाळीसच्या वर नको, सायरन नको,
आणि म्हाताऱ्याला उजव्या खिडकीशी बसव.

बरोबर केलं की नाही, माहीत नाही.
रस्त्यात काही झालं असतं
तर मोठ्या गाडीत जे होतं, ते या गाडीत नव्हतं.

सव्वासातला व्हॅन परत आली.
मुकादम म्हणाला, घरात टेकवला त्यांना.
नेरूळच्या पुढे काहीतरी बोलत होता म्हातारा,
ओहोटी आहे असं काहीतरी,
जाळं टाकू नका.
मग तो चहा प्यायला गेला.

उजव्या काचेवर आतून
कपाळाचा तेलकट ठसा.
कुरियन बाईंची वेळ साडेआठ.
मी फडकं भिजवलं,
बाकीच्या काचा आधी पुसल्या.