धोटा

डिलाईल रोडच्या खोलीत, फळीवर,
अण्णांचा धोटा अजून आहे.
दोन्ही टोकांना पितळ, मध्ये कांडीची रिकामी खाच,
आणि कडेला भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं.
त्याला तोंड लावून सूत ओढायचं.
कांडी संपली की ओढायचं, नवी घातली की ओढायचं.
पाळी बदलली की दुसरा माणूस यायचा
आणि त्याच भोकाला तोंड लावायचा.
म्हणून धाकू गमरेला कापडखात्याचं दार बंद.
एवढंच कारण. थुंकी.

तो त्रासनखात्यात. तिथे पगार कमी,
आणि पाण्याचा माठ वेगळा,
संडासाच्या भिंतीला टेकलेला, गळ्याशी डांबराची रेघ.
रेघ कुणी ओढली, मुकादमाला विचारलं
तर म्हणायचा, मी आलो तेव्हापासून आहे.

संपाचा अकरावा दिवस. गेटसभा.
पुढारी सुताच्या खोक्यावर उभे राहून म्हणाले,
कामगार सारा एक. टाळ्या झाल्या.
मग धाकू वर चढला. टोपी काढली, पुन्हा घातली.
भाषण त्याला येत होतं, त्रासनखात्याची माणसं
त्याच्याच शब्दावर बाहेर पडली होती,
पण त्या दिवशी त्याने कोटातून धोटा काढला,
तोंडाला लावला,
वीतभर सूत ओढलं, आणि धोटा पुढे धरला.

"अकरा दिवस आम्ही तुमच्याबरोबर उपाशी आहोत.
भूक बसली ना एका पंगतीला?
आता कुणीतरी हा घ्या.
फक्त एक सूत. मी थांबतो."

थांबला.

अण्णा पहिल्या रांगेत. दोन हातांवर धोटा.
ते सांगायचे, त्याचा हात हलत नव्हता,
वाऱ्याने सूत तेवढं हलत होतं.
कुणीतरी म्हणालं, आधी संप, मग हे.
धाकू म्हणाला,
"हे 'मग' माझ्या आज्यालाही सांगितलं होतं."

उठली ती बाइंडिंगमधली कासूबाई दळवी.
बायकांना धोटा कुठे ठाऊक.
तिने घेतला, पदराने पुसलाही नाही, ओढला,
सुताऐवजी तूस घशात गेली,
आणि खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.
कुणी हसलं नाही.
धाकू एवढंच म्हणाला, "हळू, बाई. दमानं."

दुसऱ्या दिवशी तिच्या चाळीने तिला नळावर येऊ दिलं नाही.
ती हंडा घेऊन नायगावला गेली, गमऱ्यांच्या चाळीत.
तिथे रेघ नव्हती.
महिनाभर तिथलंच पाणी प्यायली,
आणि रोज संध्याकाळी धाकूच्या सभेत पुढे बसली.
हळूहळू आणखी आठ-दहा. अण्णा नाहीत.

संप मोडला. गेटावरच्या काळ्या यादीत
पहिलं नाव गमरे, दुसरं दळवी.
धाकू त्यानंतर गोदीत ओझी वाहायचा
आणि रविवारी मिलच्या दारावर पत्रकं वाटायचा.
मागणी एकच, कापडखातं उघडा. माठ एक करा.
वर्षानुवर्षं तोच मजकूर. फक्त तारीख बदलायची.

मग नव्या तऱ्हेचे धोटे आले, तोंड न लावता सूत यायचं त्यांत.
दार उघडलं. माठही एक झाला, कुणी जाहीर न करता.
अण्णा म्हणाले, बघ, आपोआप गेलं सगळं.
मी तेव्हा नुकती शाळेत शिकवायला लागले होते,
जीभ जरा धारदार होती.
म्हटलं, अण्णा, धोटा बदलला.
तुम्ही अजून पहिल्या रांगेतच बसलाय.
दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी फळीकडे बोट केलं.
"हा माझा नाही.
सभा उठल्यावर तिथेच पडला होता. मी आणला."
का, ते मी विचारलं.
चहा मागितला त्यांनी.

परवा साफ करायला खाली काढला.
भोकात काहीतरी अडकलं होतं,
पिनेने ओढलं तर सूत निघालं,
काळं, अर्ध्या बोटाएवढं.
धाकूचं की कासूबाईचं,
कळायला मार्ग नाही.