पासून – पर्यंत

दवाखान्यात शिरलं की डाव्या भिंतीला हिरवा फळा आहे.
पशुधन विकास अधिकारी. पासून. पर्यंत.
शेवटचं नाव लोहारेकर साहेबांचं.
त्याखाली पेंटरनं आखलेल्या चार ओळी
सात वर्षं नुसत्या आखलेल्याच.
नांदेडहून जो येतो तो विचारतो, पद रिक्त?
मी म्हणतो, हो साहेब.

रिक्त कसं म्हणावं?
घोडके डॉक्टर होते की, दुसरा दवाखाना सांभाळून,
मंगळवार आणि शुक्रवार.
आमच्याकडची जनावरं तेव्हा मंगळवार बघून आजारी पडायला शिकली.
मग एक पोरगा आला, उदगीरला शिकलेला.
त्याचं आडनाव गावाला पाठ होईस्तोवर
त्याला बँकेची ऑर्डर आली.

कंत्राटी नाव फळ्यावर चढत नाही,
पेंटरचं बिल पास होत नाही.
म्हणून मी औषधाच्या कपाटाच्या दारावर, आतल्या अंगाला,
काडीला कापूस गुंडाळून
जखमेच्या जांभळ्या औषधानं लिहितो.
ते धुतलं तरी जात नाही.
मी व्रणोपचारक. कागदावर.
गावात, गुणाजी कंपौंडर.

टेंकाळे बाई अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आल्या,
स्कूटीवर, मागं गमबूट बांधलेले.
खोड्याचा आडवा पाइप हलत होता,
तो स्वतःच्या पैशानं वेल्डिंग करून घेतला.
मी म्हणलं, बाई, कामून? तुम्हाला कुठं ऱ्हायचंय?
म्हणाल्या, बैलाला ठाऊक नसतं ना काका.

अठ्ठावीस फेब्रुवारीला चार्ज दिला.
फ्रिजची किल्ली, नायट्रोजनचं भांडं, खच्चीचा चिमटा,
यादीवर सही. चहा झाला.
रात्री साडेनवाला इरबा टोम्पेचा फोन:
लाल कंधारी, पहिलं वेत, सांजपासून कळा,
आणि नुसती शेपटी दिसतीय.

बाईंनी घड्याळ काढून माझ्याजवळ दिलं.
हाताला साबण, मग गोडं तेल.
बॅटरी धरा काका, आणि बोलू नका.
मागचे पाय आत मुडपलेले. वासराला परत आत लोटायचं,
खूर मुठीत झाकायचा की पिशवी फाटू नये,
एक पाय सरळ.
थांबायचं. कळ जाऊ द्यायची.
दुसरा पाय हाताला येईना.

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून सात.
फेब्रुवारी संपला होता.
आता, सरकारच्या हिशेबानं,
एक परकी बाई
कुणाच्या तरी गोठ्यात
कुणाच्या तरी गाईत खांद्यापर्यंत हात घालून बसली होती.
मी बॅटरी हलू दिली नाही.

पाऊण वाजता वासरू आलं, सगळं एकदम, पाण्यासकट.
मागच्या पायांनी उलटं धरलं,
नाकात कडब्याची काडी फिरवली
तेव्हा शिंकलं.
इरबाची माय दारातून म्हणाली,
पायाळू हाय गं, पाणी दावील.
बाई हसल्या, घड्याळ मागितलं,
आणि काटे बघून गप्प झाल्या.
काका, रजिस्टरला काय लिहायचं?
म्हणलं, सकाळी बघू.

सकाळी सातलाच स्कूटी गेली.
मी लिहिलं ते खरंच लिहिलं:
एक मार्च, केस नंबर एक, उलटं वासरू,
गाय-वासरू सुखरूप.
उपचार करणाऱ्याची सही:
तिथं काही लिहिलं नाही.

जूनमध्ये ऑडिटवाले आले.
पानं उलटता उलटता बोट त्या रकान्यावर थांबलं.
हे कुणी केलं?
बाहेर खोड्यात कुणाची तरी म्हैस पाइपावर मान घासत होती.
पाइप हलत नव्हता.
मी म्हणलं, साहेब, पद रिक्त होतं.
त्यांनी तसंच लिहून घेतलं,
आणि मी पाठीनंच
कपाटाचं दार लोटून घेतलं.